सहाला सहा खोडण्याआधी थोडं थांबा

आठवी-नववीचे बीजगणिताचे पेपर तपासताना दोन चुका हमखास सापडतात. मूल हुशार असतं, तोंडी हिशेब पटापट करतं. पण इथे मार्क जातात आणि "गणित आपल्याला जमत नाही" असं घरात ठरूनच जातं. खरं तर अडचण छोटी आहे.

पहिली चूक: (क + ६)/६ दिसलं की मुलं वरचा सहा, खालचा सहा खोडतात आणि उत्तर लिहितात क. आता क = १२ घेऊन बघा. वर १८, खाली ६, म्हणजे उत्तर ३. मुलाचं उत्तर मात्र १२!

असं का होतं? छेदाला, म्हणजे उर्दूतल्या नसब नुमाला, ६ ने भागलं तर अख्ख्या अंशालाही ६ ने भागावं लागतं. इथे क तसाच राहिला. म्हणून लक्षात ठेवा: गुणाकारात असेल तेच खोडायचं, बेरीज-वजाबाकीतलं नाही. म्हणजे आधी अवयव पाडायचे.

उदाहरण: (क वर्ग − ९)/(क वर्ग + ५क + ६)
अंशाचे अवयव: (क + ३)(क − ३)
छेदाचे अवयव: (क + ३)(क + २)
आता (क + ३) खोडता येतो. उत्तर (क − ३)/(क + २). ताळा करू. क = ४ घेतला तर आधी ७/४२, म्हणजे १/६. उत्तरातही १/६. फक्त क ची किंमत −३ किंवा −२ नको, कारण मूळ छेद शून्य होतो.

दुसरी चूक: ८ चा घातांक १/३ असेल तर मुलं ८ ला ३ ने भागतात. पाया सारखा असताना गुणाकारात घातांकांची बेरीज होते. १/३ + १/३ + १/३ = १. म्हणजे अशी संख्या हवी, जी तीनदा घेऊन गुणली की ८ येतील. ती २, म्हणजेच ८ चं घनमूळ.

घातांकाचा छेद सांगतो कितवं मूळ, म्हणजे जज़र, काढायचं. अंश सांगतो कितवा घात करायचा. २७ चा घातांक २/३ असेल तर घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. उलटही तसंच: ५ च्या घनाचं चौथं मूळ म्हणजे ५ चा घातांक ३/४.

अम्मी-अब्बूंना बीजगणित येत नसलं तरी चालेल. मुलाला एवढंच सांगा, "बेटा, एखादी संख्या घालून ताळा करून दाखव." चूक त्याची त्यालाच सापडेल.