आकडा एक, दारू दोन

अमेरिकेत रायफलची काडतुसे घरीच भरणाऱ्या हौशी नेमबाजांची आणि शिकाऱ्यांची संख्या मोठी आहे. एकदा झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच ते टाकून देत नाहीत. त्यात नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची, असे हे काम. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे.) यातील खरी कसोटी असते ती दारू निवडण्यात.

'दारू' म्हटले की सोरा, गंधक आणि कोळशाची काळी भुकटी डोळ्यांसमोर येते. आधुनिक रायफलमधून ती केव्हाच हद्दपार झाली. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली. आजच्या दारूचे मूळ तिच्यात आहे. ही दारू काडतुसात जळते, आणि दाब वाढत जाईल तसतशी अधिक वेगाने जळते. सारी मेख येथेच आहे.

म्हणूनच 'सर्वांत जोरदार दारू कोणती?' हा प्रश्न मुळातच चुकीचा ठरतो. मोठ्या कवचात जड गोळीमागे झपाट्याने जळणारी दारू भरली, तर गोळी नळीत पुरेशी पुढे सरकण्याआधीच दाब शिगेला पोहोचतो आणि रायफल फुटू शकते. उलट लहान कवचात संथ दारू भरली, तर ती पुरती जळत नाही. गोळीचा वेगही प्रत्येक वेळी निराळा येतो.

याबाबतीत ४८३१ या आकड्याची कथा मोठी बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर २० मिलिमीटर तोफांच्या गोळ्यांसाठी बनवलेली संथ दारू सरकारकडे शिल्लक उरली होती. ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेऊन हौशी मंडळींना स्वस्तात विकली. .२७० विंचेस्टरसारख्या काडतुसांना ती फार मानवली. पुढे १९७० च्या दशकात ड्यूपॉण्ट कंपनीने याच आकड्याची आपली दारू बाजारात आणली. ती मात्र अधिक वेगाने जळणारी होती. हॉजडनच्या दारूचे कमाल माप पाहून कोणी ड्यूपॉण्टची तेवढीच दारू भरली, तर दाब सुरक्षित मर्यादेबाहेर जाणार! हे माप 'ग्रेन'मध्ये असते आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. चुकीला वाव किती थोडा, हे त्यावरून कळावे.

त्यामुळे जाणकार मंडळी डब्यावरील आकड्याबरोबर नावही वाचतात, उत्पादकाच्या छापील कोष्टकातील किमान मापापासून सुरुवात करतात आणि एका वेळी टेबलावर एकच डबा ठेवतात. थंडीत ठरवलेले माप कडक उन्हाळ्यात अधिक दाब देऊ शकते, हेही ते विसरत नाहीत.

२००३ मध्ये ड्यूपॉण्टची ती जुनी मालिका हॉजडन कंपनीनेच विकत घेतली. तरीही दोन्ही दारूंनी आपापला जुना आकडा सोडला नाही.