नव्या लाकडाचं म्हातारपण

जुना वाडा पाडला की त्याचे सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथून एखाद्या हॉटेलात किंवा फार्महाउसवर. पण वाडे आता मोजकेच उरलेत आणि जुन्या लाकडाची हौस मात्र वाढतेच आहे. त्यामुळे नव्या लाकडाला जुनं रूप देणं हा सुतारकामातला एक वेगळाच हुन्नर झाला आहे. जोधपूरच्या कारखान्यांतून आंब्याच्या आणि शिसवीच्या लाकडाचं असं फर्निचर परदेशी जातं.

लाकूड मुळात जुनं होतं कसं, ते आधी पाहू. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य, फोडतात. पाऊस ते धुऊन नेतो. मागे उरलेल्या तंतूंवर बुरशी धरते आणि लाकूड राखाडी-रुपेरी होतं. वलयांतला मऊ भाग आधी झिजतो, कठीण रेषा वर उठून दिसतात. पाइनसारख्या मऊ लाकडाचा उघड्यावरचा पृष्ठभागसुद्धा शंभर वर्षांत साधारण 6 मिलिमीटरच झिजतो. मऊ भाग झिजवण्याचं हेच काम कारागीर तारेच्या ब्रशने करतो. ब्रश रेषांच्या दिशेनेच ओढायचा. आडवा ओढला तर नुसते ओरखडे उठतात.

खरी गंमत रंगात आहे. स्टील वूल व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजत ठेवतात. आत हायड्रोजन वायू तयार होतो, म्हणून बरणीचं झाकण सैल ठेवावं लागतं. हे पाणी गाळून लाकडावर फिरवलं की लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होतो आणि हवा लागेल तसा काही मिनिटांत करडा, मग काळपट रंग चढतो. पाइनमध्ये टॅनिन अगदी कमी. त्यावर आधी हिरड्याचा काढा किंवा कडक कोरा चहा फिरवून सुकू द्यायचा, मग लोखंडाचं पाणी. आपल्याकडे ही विद्या नवी नाही. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्याने काळ्या रेघा काढतात. रसायन तेच.

रंग जमला तरी काम फसतं ते झिजेपाशी. पुष्कळ ठिकाणी साखळीने झोडपून, छिन्नीने टोचून फळीभर सारखे घाव घालतात. ते मला मुळीच पटत नाही. उंबरा झिजतो तो मधोमध, पाय पडतो तिथे. कपाटाचं दार कडीच्या आसपास गुळगुळीत होतं, खुर्चीचे हात पुढच्या टोकाला. कानस आणि पॉलिश पेपर हातात घेण्याआधी त्या वस्तूवर कोणाचे हात कुठे पडले असते, याचा विचार करायला हवा. चांगला कारागीर तो करतो. कीड लागल्याचा भास आणायला ड्रिलने भोकं पाडतात, तेही असंच फसतं. खऱ्या किडीचं भोक आत गेल्यावर वळतं. बारीक तार सरळ आत गेली तर संशय घ्यावा.

शेवटी वर चकचकीत लॅकर नको. मेण किंवा जवसाचं तेल पुरे.

फसवणूक मात्र नको. वाड्याचं लाकूड म्हणून नवं लाकूड विकणारे या हुन्नराचीच पत घालवतात. मेजाच्या खालच्या अंगाला, रंग न लावलेल्या फळीवर, बनवल्याचं साल आणि लाकडाची जात कोरून ठेवावी. बिलावरही तेच लिहावं.