कण नव्हे, जाळे

शीव कोळीवाड्याच्या स्टेशनाला गुरू तेगबहादूर नगर हे नाव मिळून पुष्कळ काळ लोटला, तरी जुन्या रहिवाशांच्या तोंडून कोळीवाडा काही सुटत नाही. आणि जाळे विणणाऱ्यांच्या या वस्तीचे नाव निघाले, की मला आपल्या पेशीतील एका जाळ्याची आठवण होते. हे जाळे तंतुकणिकांचे; पण शालेय पुस्तकात तंतुकणिका चवळीच्या दाण्यासारखी एकटी काढतात. हे चित्र अपुरे आहे. १८९८ साली कार्ल बेंडा याने सूत व कण या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून तिचे नामकरण केले, तेव्हाच तिचे द्विविध रूप दप्तरी नोंदले गेले होते.

या कणिका अखंड जुळत आणि तुटत असतात. जोडण्याचे काम मायटोफ्युसिन व ओपीए-१ ही प्रथिने करतात, तोडण्याचे डीआरपी-१. आणि नवल असे, की तोडण्याची जागा पुष्कळदा शेजारची आंतर्द्रव्यजालिका आपल्या नळ्यांचा विळखा घालून मुक्रर करते. दोघींच्या या सरहद्दीवर, जेथे अंतर जेमतेम १० ते ३० नॅनोमीटर, कॅल्शियमची व स्निग्ध द्रव्यांची देवघेव चालते. तुटल्याने नादुरुस्त भाग अलग काढून निकालात काढता येतो, जुळल्याने एकीची उणीव दुसरी भरून काढते; हा तोल ढळला, की लांबच लांब तंतूंच्या चेतापेशींना झळ लवकर पोचते. मायटोफ्युसिन-२ च्या जनुकातील दोषाने पावलांतील बळ ओसरते, ओपीए-१ च्या दोषाने दृष्टिचेता क्षीण होते.

जनुकातले असे दोष घराण्यात उतरू शकतात; म्हणून चष्मा लावूनही मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसत नसेल, आणि घरात आणखी कोणाची नजर अशीच मंदावली असेल, तर नेत्रतज्ज्ञाला हा कुळवृत्तान्त अवश्य सांगावा.