बॅग उघडा प्लीज!

विमानतळावर स्पीकरवरून आपलं नाव पुकारलं गेलं की काय वाटतं, याचा अनुभव मी घेतलेला आहे.

आम्ही चौघे रोबोटिक्सच्या स्पर्धेसाठी सिंगापूरला निघालो होतो. रोबो सुटा करून दोन बॅगांत भरला, बॅगा मुंबईला काउंटरवर दिल्या आणि निवांत चहा घेत बसलो. तेवढ्यात माझं नाव! एका खोलीत नेऊन माझ्यासमोर बॅग उघडली गेली. कपड्यांत नीट गुंडाळलेली आमची लिथियम पॉलिमर बॅटरी बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा, आणि बॅटरीशिवाय आमचा रोबो म्हणजे नुसता ॲल्युमिनियमचा सांगाडा. माझे पाय लटपटायला लागले.

तिथले काका मात्र शांत होते. म्हणाले, "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग गुणाकार कर." ११.१ व्होल्ट गुणिले ५ ॲम्पिअर-अवर, म्हणजे ५५.५ वॅट-अवर. "शंभरच्या आत आहे. टोकांना टेप लाव आणि हातातल्या बॅगेत ने. सामानाच्या बॅगेत चालत नाही."

कारण नंतर वाचलं. लिथियमच्या एका सेलने पेट घेतला की उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जाते. सामानाच्या कप्प्यातला हॅलॉन वायू साधी आग दाबू शकतो, पण ही साखळी थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान कुणाला तरी धूर दिसतो आणि पाणी ओतून बॅटरी थंड करता येते. आम्ही बॅटरीवर सेमिनार दिलेली मंडळी, आणि हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं!

तेव्हापासून एक सवय लागली. रांगेत उभं राहिलं की विचारायचं, हा नियम का? आणि बहुतेक नियमांमागे एक तारीख सापडते.

आपल्यापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय टर्मिनलच्या दारातूनच आत सोडत नाहीत. म्हणून आई-बाबा काचेबाहेर हात हलवत राहतात. आत सीआयएसएफचे जवान प्रत्येकाला लाकडी ठोकळ्यावर उभं करून हाताने तपासतात. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-८१४ विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर २००० साली जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा एकेक करत या दलाकडे देण्यात आली.

न आलेल्या प्रवाशाचं नाव पुन्हापुन्हा का पुकारतात, तर प्रवासी चढला नाही की त्याचं सामान विमानातून उतरवावं लागतं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानात स्फोट होऊन ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता.

सिंगापूरला चांगी विमानतळावर उतरलो आणि वेगळंच जग. तिथे टर्मिनलमध्ये कुणीही येऊ शकतं. कुटुंबं जेवायला येतात, विद्यार्थी चक्क अभ्यासाला बसतात. (आपल्या रीडिंग रूमपेक्षा एसी चांगला!) परतताना पासपोर्ट तपासून आत गेलो, दुकानं फिरलो, तरी बॅग तपासायचं कुणी नाव काढेना. शेवटी विमानाच्या गेटपाशी मशीन दिसलं. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये तपासणी गेटवरच होते. २०१७ साली सुरू झालेल्या टर्मिनल ४ मध्ये मात्र ती एकत्र आहे. गेटवर रांग फक्त त्या एका विमानाची असते, हा फायदा. पण मशीन आणि माणसं जास्त लागतात, हा तोटा. पाण्याची बाटलीसुद्धा अगदी शेवटी रिकामी करावी लागते.

तिथे आमची हातातली बॅग पुन्हा बाजूला निघाली. एक्स-रे मशीन दोन ऊर्जांचे किरण वापरतं आणि त्यावरून सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधले पदार्थ हिरवे दाखवतं. सर्किट बोर्ड, लोंबणाऱ्या वायरी आणि शेजारी बॅटरी, असं चित्र पडद्यावर आल्यावर तो माणूस तरी काय करणार? त्याने कापडाची एक छोटी पट्टी बोर्डावर फिरवली आणि यंत्रात घातली. यंत्र त्या कणांचे आयन बनवून ते किती वेगाने सरकतात ते मोजतं. स्फोटकांचे आयन त्यांच्या वेगावरून ओळखू येतात. आमच्या बोर्डावर फक्त सोल्डरिंगचा फ्लक्स होता. सुटलो!

पुढे इंटर्नशिपसाठी जर्मनीला गेलो, तेव्हा फ्रँकफर्टला माझ्या रांगेत सीटी मशीन होतं. हॉस्पिटलातल्या सीटी स्कॅनसारखंच ते बॅगेचं त्रिमितीय चित्र बनवतं. साध्या मशीनमध्ये लॅपटॉप त्याच्याखालच्या वस्तू झाकतो, म्हणून बाहेर काढावा लागतो. इथे तो बॅगेतच राहिला. मग हात वर करून बॉडी स्कॅनरमध्ये उभा राहिलो. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटक लपवून नेलं होतं. मेटल डिटेक्टर फक्त धातू ओळखतो, त्यामुळे ते सापडलं नव्हतं. त्यानंतर मिलिमीटर लहरींचे स्कॅनर सगळीकडे वाढले.

अमेरिकेत राहणाऱ्या ताईचं दुःख वेगळं. ती म्हणते, "मोजे फाटके नाहीत ना, हे बघूनच मी घरातून निघायचे." डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस-मायामी विमानात एकाने बुटातलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. २००६ पासून तिथे सरसकट सगळ्यांना बूट काढावे लागत. हा नियम जुलै २०२५ मध्ये उठला. १०० मिलिलिटरचा नियमही २००६ चाच. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला उघडकीस आला होता. आता सीटी मशीनमुळे एडिंबरासारख्या विमानतळाने जुलै २०२५ पासून दोन लिटरपर्यंत सूट दिली आहे. यंत्र सुधारलं की नियम सैल होतो, पण प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या वेळी.

आता एक गोष्ट, जी यंत्राची नाही. होस्टेलमधला माझा एक मित्र परदेशी विमानतळांवर माझ्याबरोबर दोन प्रवासांत तीनदा "रँडम" तपासणीसाठी बाजूला घेतला गेला. मी एकदाही नाही. पासपोर्ट एकाच देशाचा, बॅगा एकाच दुकानातल्या. फरक नावाचा आणि दाढीचा. मी चिडलो, तर तोच म्हणाला, "सोड यार, सवय झालीय." त्याची ती सवय मला जास्त टोचली.

प्रवाशाला प्रश्न विचारून पारखण्याची पद्धत इस्रायलमध्ये सर्वात कडक आहे. मी तिथे गेलेलो नाही, पण तिथल्या विमानतळाचा इतिहास वाचला. ३० मे १९७२ रोजी तिथे तीन हल्लेखोरांनी सामानातून बंदुका काढून २६ जणांना मारलं. ते तिघे होते जपानी! त्यांच्यावर कुणालाच संशय आला नव्हता. म्हणजे चेहरा बघून अंदाज बांधणारा तेव्हाही फसलाच होता. आपल्याकडची हाताने होणारी तपासणी वेळखाऊ आहे, मीही वैतागतो. पण त्या ठोकळ्यावर मी आणि माझा मित्र दोघेही चढतो. हे मला आता थोडं मोठं वाटतं.

जाता जाता, उपयोगाचं:

१. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. वॅट-अवर काढायला एमएएच भागिले १०००, गुणिले व्होल्ट. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टला ७४ होते. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर बंदी.

२. प्रोजेक्टचा बोर्ड वेगळ्या पारदर्शक डब्यात ठेवा, सोबत कॉलेजचं पत्र.

३. वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचा नियम बघा. एकीकडे चाललेली बाटली दुसरीकडे कचऱ्यात जाते.

४. बरोबरच्या कुणाला बाजूला घेतलं तर पुढे जाऊन कॉफी घेत बसू नका. त्याची बॅग धरून तिथेच थांबा.