दगडावरून घरोघरी : धुरंधरांची छापील चित्रे

मागील घटकात आपण जलरंगातील निसर्गचित्रणाचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात एका वेगळ्या प्रश्नाकडे वळावयाचे आहे. आपले चित्र छापले जाणार आहे हे चित्रकाराला ठाऊक असते, तेव्हा त्याच्या रेषेत, रंगात आणि विषयात काय बदलते? या प्रश्नासाठी महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या वाटचालीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

धुरंधरांचा जन्म कोल्हापूरचा; शालेय शिक्षणही तेथील राजाराम हायस्कुलात झाले. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि प्रथम विद्यार्थी, मग शिक्षक, काही काळ संचालक अशा नात्यांनी १९३१ पर्यंत तेथेच राहिले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचे नाव त्यावरूनच पडले.

त्या वेळी कलाशाळेचे प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स. त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी १८७२ नंतरची अनेक वर्षे अजिंठ्यातील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. त्या कामावर आधारलेला दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनहून निघाला. लेण्यांच्या छतांवरील कमळे, फळे, हंस यांच्या नक्षीकडे त्यात विशेष लक्ष दिलेले आहे. ही कमळे नीट पाहा. तळ्यातल्या कमळाची एखादी पाकळी किडलेली असते, एखादी पाण्यात बुडालेली असते. छतावरच्या कमळातून हे सारे आगंतुक तपशील गळून पडतात आणि उरतो तो केवळ वळणाचा नियम. म्हणूनच तेच कमळ चौकटीमागून चौकटीत पुन्हा बसविता येते. निसर्गातील रूपाची नक्षी होते ती अशी. आणि जे पुन्हा रेखता येते ते छापताही येते.

आता छपाईकडे वळू. एकोणिसाव्या शतकात रंगीत चित्रे शिळाछापावर छापली जात. आलॉईस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत शोधलेल्या या पद्धतीचे सारे रहस्य तेल व पाणी यांच्या वैरात आहे. गुळगुळीत केलेल्या चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. दगड ओला केला की कोऱ्या भागावर पाणी टिकते, तेलकट रेषेवर टिकत नाही. मग तेलकट शाईचा रूळ फिरविला की शाई फक्त रेषेलाच धरते. कागदावर चित्र उलटे उमटते, त्यामुळे उजव्या हातातील आरतीचे तबक दगडावर डाव्या हातात काढावे लागते. शिवाय प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. दहा-बारा दगड लागलेले चित्र म्हणजे दहा-बारा वेळा यंत्राखाली गेलेला कागद. एकदा जरी तो केसभर सरकला, तरी देवीचे ओठ गालावर जाणार!

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत असाच छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्यासाठी धुरंधरांनीही चित्रे केली. त्यांची पोस्टकार्डे निघाली. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या कहाण्यांच्या पुस्तकात आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांची रंगीत चित्रे आहेत. तोवर दगडाची जागा छायाचित्रावर आधारलेल्या ठोकळ्यांनी घेतली होती, पण धुरंधरांची शिस्त तीच राहिली. त्यांच्या स्त्रियांकडे पाहा. बाह्यरेषा ठाम आहे, लुगड्याचा रंग सलग आहे, आणि काठाची नक्षी अंगाचे वळण सांगत खाली उतरते. सावली जे काम करते, ते येथे बरेचसे काठच करतात. छापताना सावली गढूळ होण्याची भीती असे. काठ टिकत असे.

याची किंमतही होती. ती समजण्यासाठी पुन्हा कोल्हापुरास यावे लागेल. धुरंधरांच्या आधी जे. जे. मध्ये शिकलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) मुंबईत न थांबता परतले. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि कोटितीर्थाच्या परिसरात राहून ते तळे, झाडे, नदीकाठ रंगवीत राहिले. पंचगंगेवरचे धुके कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हे सांगता येऊ नये यातच अशा चित्राचा प्राण असतो. शिळाछापाला नेमकी तीच सीमारेषा हवी असते. धुरंधरांची चित्रे घरोघरी भिंतीवर लागली. आबालालांची चित्रे मात्र एकेकटीच राहिली, आणि जे चित्र एकच असते ते हरवले की कायमचे हरवते. उलट, धुरंधरांच्या छापील चित्रांत निसर्ग बहुधा मागचा पडदा होऊन उभा असतो, हेही नाकारता येत नाही.

‘कॅलेंडरचे चित्र’ म्हणून नाक मुरडण्याची आपल्या समीक्षेची सवय जुनी आहे. ती प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. मर्यादा ओळखून रेषा घडविणे ही दुय्यम प्रतीची कला कशी? मात्र छपाईत जे मावले नाही ते गौण होते, असाही अर्थ कोणी काढू नये.

उपक्रम : घरात किंवा जुन्या बाजारात एखादे जुने देवदेवतांचे छापील चित्र मिळाले, तर ते भिंगाखाली धरा. ठिपके एकसारख्या ओळींत असतील तर ते जाळीच्या ठोकळ्याचे. लहानमोठे, विखुरलेले असतील तर बहुधा कोणा कारागिराने हाताने दगडावर दिलेले. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी टाउन हॉल वस्तुसंग्रहालयातील आबालालांच्या चित्रासमोर थोडा वेळ उभे राहावे. ते छापावयाचे झाल्यास किती दगड लागतील आणि कोणता भाग एकाही दगडावर उतरणार नाही, हे आठ-दहा ओळींत लिहावे.