व्यवसायातून संशोधनाकडे : पीएच्.डी.च्या अर्जापूर्वीचा विचार

व्यवसायात काही वर्षे घालवून पीएच्.डी.कडे वळणाऱ्या उमेदवाराजवळ अनुभव विपुल असतो. परंतु अनुभव म्हणजे संशोधनाचा प्रश्न नव्हे. उदाहरणार्थ, फौजदारी न्यायालयात वर्षानुवर्षे काम केलेल्या एखाद्या वकिलाला ‘न्यायालयीन मराठी’ या विषयावर प्रबंध लिहावयाचा आहे असे समजू. या शीर्षकाने क्षेत्र कळते. शोधावयाचे काय, हे कळत नाही.

आता त्याच वकिलाच्या नित्य परिचयाची एक गोष्ट घ्यावी. साक्षीदार म्हणतो, “तो म्हणे रात्रीच पळाला.” येथील ‘म्हणे’ हे पद माहिती ऐकीव असल्याचे सुचविते. न्यायालयात साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपाने न नोंदविता सलग निवेदनाच्या रूपाने नोंदविली जाते. या रूपांतरात ‘म्हणे’ गळाले, तर ऐकलेली वार्ता पाहिलेली घटना ठरते. आणि पुरावा ऐकीव की प्रत्यक्ष, यावर एखाद्या आरोपीचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते. माहितीचा उगम दर्शविणारी अशी रूपे साक्षीच्या नोंदीत केव्हा टिकतात व केव्हा लोपतात, हा खरा प्रश्न झाला. तो दिसण्याची दृष्टी व्यवसायाने दिली आहे; उत्तराची रीत मात्र भाषाविज्ञानाकडून शिकावी लागेल.

बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ अग्निविमा कंपनीत नोकरीस होता. ‘रिकामे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या पिंपांत स्फोटक वाफ असूनही माणसे त्यांच्याजवळ निष्काळजीपणे वावरतात, हे त्याने कामाच्या ओघात हेरले. पण एवढ्यावर न थांबता १९३१ पासून तो येल विद्यापीठात एडवर्ड सपीर यांच्या हाताखाली शिकला. (डॉक्टरेट त्याने घेतली नाही, आणि त्याच्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले, हा भाग निराळा.)

व्यवसायात हाती आलेली सामग्री आपलीच आहे असे गृहीत धरणे धोक्याचे होय. अशिलाने विश्वासाने सांगितलेली हकीकत वकिलाची मालमत्ता नव्हे; रुग्णाची नोंदही परिचारिकेची नव्हे. सामग्री कोणाच्या अनुमतीने व कोणत्या मार्गाने मिळेल, हे आराखड्यातच लिहिलेले बरे.

मार्गदर्शकाचा शोध केवळ नावलौकिकावरून घेऊ नये. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात त्या अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेले दोन-तीन प्रबंध वाचावेत. तेथील पद्धती आपल्या प्रश्नास मानवते की नाही, हे त्यांवरूनच उमगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ व सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थीच असू शकतात. शिवाय निवृत्तीस ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून अर्जापूर्वीच जागेची चौकशी करणे इष्ट. पत्र मात्र आटोपशीर असावे. पानभर प्रश्न व त्यामागील निरीक्षण लिहिले की पुरे. सेवेचा समग्र इतिहास कोणी वाचत नाही.

पदव्युत्तर परीक्षेत सामान्यतः ५५ टक्के गुण आवश्यक असतात. वकिलीची पदवी ही भाषाविज्ञानातील पदव्युत्तर पदवीची जागा घेईलच असे नाही. ती पात्रता त्या त्या विद्यापीठाकडूनच निश्चित करून घ्यावी. अभ्यासक्रमास किमान ३ वर्षे लागतात व सामान्य मर्यादा ६ वर्षांची आहे. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही २ वर्षांची सवलत मिळू शकते.

नोकरी न सोडता अंशकालीन पीएच्.डी. करता येते, मात्र नोकरदारास मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र सादर करावे लागते. अंशकालीन अध्ययनास परवानगी आहे, कामाचे स्वरूप संशोधनास पुरेसा वेळ देऊ देते, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमीय शिक्षणासाठी उमेदवारास कार्यमुक्त केले जाईल, अशा तीन गोष्टी त्यात नमूद असाव्या लागतात. पहिल्या दोन गोष्टी कार्यालये सहज लिहून देतात. तिसरीवर प्रकरण वरिष्ठांकडे जाते व तेथे महिनोन् महिने पडून राहते. त्यामुळे हे पत्र जाहिरात निघण्याची वाट न पाहता मागितलेले बरे.