वणवा टेहळणारे मनोरे आणि आपला राजवाडा

इंदूरच्या मंडळींना राजवाडा नव्याने दाखवावयास नको. खजुरी बाजारातून या की सराफ्यातून, मान वर केल्यावाचून कोणी पुढे जात नाही. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. सुभेदार मल्हारराव होळकरांनी १७४७ साली आरंभिलेल्या या वास्तूला आगीने तीनदा गाठले: १८०१ साली सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत, पुढे १९०८ साली आणि शेवटी १९८४ सालच्या दंगलीत. उंच लाकडी इमारत आणि आग यांचे वैर आपण असे डोळ्यांदेखत पाहिले आहे.

परंतु जगात अशाही उंच लाकडी वास्तू आहेत की, ज्या आगीवर पहारा ठेवण्यासाठीच बांधल्या गेल्या. आणि काम संपल्यावर त्यांतील कित्येकींना त्यांच्या धन्यांनीच काडी लावली. उरलेल्या ज्यांनी वाचविल्या, ते कोणी राजे नव्हते, सरदार नव्हते. सुट्टीच्या दिवशी डोंगर चढणारी ती साधी हौशी माणसे होती. न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेत त्यांची हकीकत सांगावी असे आम्हांस वाटले, त्याचे कारण शेवटी येईलच.

वणवा म्हणजे काय हे माळव्यातील आणि सातपुड्यातील लोकांस सांगावयास नको. फाल्गुन-चैत्रात सागाची पाने गळून जमिनीवर वाळक्या पानांचा थर साचतो. मोहाची फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणी पेटवितो आणि तीच आग वाऱ्याबरोबर डोंगर चढते. म्हणून जंगलखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, म्हणजे जंगलात पट्टे साफ करून ठेवते, की आगीला पुढे जावयास खाद्य मिळू नये. तरी खरा उपाय एकच: आग लहान आहे तोवर ती दिसली पाहिजे. आणि लांबचे पाहावयाचे तर उंचावर चढले पाहिजे.

ही गोष्ट अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतली. १९१० सालच्या ऑगस्टमध्ये तेथील आयडाहो, मोंटाना व वॉशिंग्टन या प्रांतांत दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे झपाट्याने उभे राहू लागले. १९३३ ते १९४२ या मंदीच्या व युद्धाच्या वर्षांत बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी त्यांत शेकड्यांनी भर घातली. पुष्कळ ठिकाणी वरची खोली एकाच नमुन्याची असे: १४ फूट लांब, १४ फूट रुंद आणि चारी बाजूंस काचा.

खोलीच्या मध्यभागी एक यंत्र असे. ऑसबर्न नावाच्या जंगलखात्यातील गृहस्थांनी ते १९११ च्या सुमारास तयार केले. त्याची युक्ती मुलांनाही समजेल अशी आहे. एका गोल तबकडीवर त्या टापूचा नकाशा बसवावयाचा, बरोबर मध्यावर मनोऱ्याची जागा. भोवती फिरणारे कडे आणि त्यावर अंशांच्या खुणा. कड्याच्या एका बाजूस बारीक फट, समोरच्या बाजूस उभा ताणलेला घोड्याचा केस. फटीला डोळा लावून तो केस धुरावर आणावयाचा, अंश वाचावयाचा आणि टेलिफोनने कचेरीस कळवावयाचा. एका मनोऱ्यावरून दिशा कळते, अंतर तितके नेमके कळत नाही. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही तोच धूर पाहिला की काम झाले. समजा, राजवाड्यावरून धूर थेट पश्चिमेस दिसला आणि लालबागेवरून तोच धूर थेट उत्तरेस. तर शहराच्या नकाशावर दोन रेघा ओढताच त्या जेथे छेदतील ती जागा आगीची.

या मनोऱ्यांवर माणसे उन्हाळाभर एकटी राहत. १९१३ साली हॅली डॅगेट नावाच्या बाई कॅलिफोर्नियातील एका शिखरावर या कामासाठी रुजू झाल्या. तेथील जंगलखात्याने टेहळणीस नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांनी ते काम १४ हंगाम केले. वीज कडाडू लागली की पहारेकरी पायांना काचेचे तुकडे बसविलेल्या लहान तिपाईवर उभा राही, म्हणजे वीज अंगातून जमिनीत उतरू नये.

पुढे विमाने आली, रस्ते झाले, कॅमेरे आणि उपग्रह आले. आपल्या देशातही २००४ पासून वन सर्वेक्षण विभाग उपग्रहांवरून वणव्यांची खबर राज्यांना देत आहे. मनोरे रिकामे पडले. रिकामी खोली कुजते. तीवर चढून कोणी पडला तर जबाबदारी धन्याची. म्हणून जंगलखात्यानेच कित्येक मनोरे पाडले, कित्येक जाळून टाकले. आग पाहण्यासाठी बांधलेल्या खोलीच्या नशिबी आगच आली.

तेव्हा ही हौशी मंडळी पुढे सरसावली. १९९० साली त्यांची एक देशव्यापी संघटना झाली. ते मनोऱ्यांची नोंदवही ठेवतात, छायाचित्रे जमवितात, जुन्या पहारेकऱ्यांच्या आठवणी लिहून घेतात. रविवारी खिळे, रंग आणि काचा पाठीवर बांधून डोंगर चढतात. काही मनोरे खाते आता प्रवाशांना रात्रीपुरते भाड्याने देते आणि त्या उत्पन्नाचा दुरुस्तीस हातभार लागतो. थोड्या मनोऱ्यांवर अद्याप पहारेकरीही बसतात, कारण माणसाचा डोळा ढग, धूळ आणि धूर यांतील फरक चटकन ओळखतो.

सर्वच त्यांच्या बाजूचे होते असे मात्र नाही. वॉशिंग्टन प्रांतातील ग्रीन माउंटन शिखरावर १९३३ साली बांधलेला मनोरा दुरुस्त करताना हेलिकॉप्टर वापरले गेले. अरण्य मनुष्याच्या हाताने अस्पर्श राहावे असे मानणाऱ्या मंडळींनी न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली मनोरा हलविण्याचा हुकूम झाला. तेही जंगलाचेच मित्र होते. त्यांचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नव्हते. २०१४ च्या मार्चमध्ये जवळच्या ओसो गावी दरड कोसळून ४३ माणसे गेली. त्या दुःखी भागाचा जिव्हाळ्याचा मनोरा तरी राहू द्यावा, या भावनेने पुढच्याच महिन्यात तेथील संसदेने कायदा करून तो जागच्या जागी राखला.

येथे आम्हांस आपला राजवाडा आठवतो. १९८४ साली जळालेला मागील भाग कित्येक वर्षे काळवंडलेला पडून होता. उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने २००६ च्या सुमारास तो जुन्या आराखड्याप्रमाणे, चुना, वीट आणि लाकूड वापरून पुन्हा उभा करण्यात आला. नवे लाकूड घातले म्हणजे वास्तू जुनी कशी राहिली, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असेल तर तो चुकीचा नव्हता. आमचे उत्तर इतकेच की, लाकूड बदलले तरी बांधण्याची रीत राहिली. आणि ते काम केलेले सुतार-गवंडी ती रीत हाताने शिकले. हे शिक्षण कोणत्याही पुस्तकातून मिळाले नसते.

आता कारण सांगतो. उपयोग संपलेली वास्तू काही एका दिवसात पडत नाही. आधी तिच्याकडे जाणे थांबते, मग कौल सरकते, मग पाणी शिरते आणि शेवटी पाडण्याखेरीज इलाज उरत नाही. मनोऱ्यांच्या मित्रांनी ही साखळी पहिल्या कडीवर तोडली: ते जात राहिले. संस्थांचेही असेच असते. वर्गणी देणारे पुष्कळ असतात. सरकलेले कौल ज्याला वेळीच दिसते, असा मनुष्य दुर्मिळ.

आमच्या सभासद कुटुंबांत अजून जुने वाडे आहेत, लाकडी माड्या आहेत, विहिरी आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते कोणी, कधी आणि कसे बांधले हे ठाऊक आहे. या महोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एक रविवार त्यासाठी काढावा. आजी-आजोबांना शेजारी बसवून मुलांनी माहिती लिहून घ्यावी, छपरावर चढून एकदा कौले पाहून यावीत आणि ती वही न्यासाच्या कचेरीत आणून द्यावी. आम्ही ती जपून ठेवू.

आणि पुढच्या वेळी राजवाड्यासमोरून जाताना मुलांनी मान वर केली, तर त्यांना घाईने पुढे ओढू नये.